हार्पीचं गाणं

भरतीचा हंगाम पुन्हा आला. सकाळी विद्यापीठाच्या रस्त्याला फिरायला जावं तर पोरांचे तांडे धावताना दिसतात. गगनबावड्याची, मलकापूरची, कुठकुठली. कुणाच्या पायात बूट, कुणी अनवाणी, बनियनवर स्केचपेननं लिहिलेला नंबर घामानं पसरलेला. पिशवी उशाला घेऊन फुटपाथवर झोपायचं, गूळ-शेंगदाणे खायचे, चार-आठ दिवस गावात काढायचे आणि परत जायचं. उसाच्या ट्रॉल्याही याच दिवसांत रस्त्यावर येतात. माझ्याबरोबर फिरायला येणारे दोन निवृत्त मास्तर पोरांच्या पिंढऱ्या आणि छात्या बघून कोण भरती होणार, कोण परत जाणार याचे अंदाज बांधत असतात. मी त्यांचे कान बघतो. नुसतं कानाकडं बघून काही कळत नाही हे मलाही ठाऊक आहे, पण नजर जाते खरी.

याला कारण एक बाई आहे. बाई म्हणजे अर्धीच. कमरेच्या वर बाई आणि खाली गिधाड. तिचं नाव हार्पी. दहा-अकरा वर्षांपूर्वी, असाच हंगाम चालू असताना, मी तिला कोल्हापुरातून एसटीनं इचलकरंजीला नेली होती, प्लॅस्टिकच्या पिशवीत, झेरॉक्स करून.

मी तेव्हा कोल्हापुरात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो आणि हॉस्टेलवर राहत होतो. एका सीनियरकडं कसल्याशा परदेशी खेळाच्या नियमांची झेरॉक्स होती. मी त्या झेरॉक्सची झेरॉक्स काढली. प्रत्येक पानाची शेवटची ओळ कापली गेलेली, चित्रांच्या जागी काळे डाग. खेळ असा, की एकानं गोष्ट सांगायची आणि गोष्टीतले राक्षस चालवायचे. बाकीच्यांनी गोष्टीतलं एकेक माणूस व्हायचं. ‘तुमच्यासमोर गुहा आहे, काय करता?’ असं विचारायचं. वार लागला की नाही, ते वीस बाजूंचा फासा ठरवणार. अप्पांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, एकदा शेजारी उभं राहून सगळं ऐकून घेतलं. पट नाही, सोंगट्या नाहीत, कुणी जिंकतही नाही, मग तुम्ही खेळता काय, असं त्यांनी विचारलं. 

वीस बाजूंचा फासा कोल्हापुरात कुठं मिळणार? मग आम्ही वीस रिकाम्या कांड्या घेतल्या. मागाच्या धोट्यात सुताची जी बारकी लाकडी नळी बसते, ती कांडी. आमच्या कारखान्यात त्या टोपल्यांनी पडलेल्या असायच्या. त्यांच्यावर ऑइलपेंटनं एक ते वीस आकडे घातले आणि डालड्याच्या मोठ्या डब्यात टाकल्या. न बघता हात घालायचा आणि एक ओढायची. वीसची कांडी एका बाजूनं तडकलेली होती, ती बोटांना कळायची. म्हणून पुढं वीसची बदलली.

आमचा कारखाना म्हणजे सोळा माग आणि वर पत्रे. आठवड्यातून एक दिवस वीज बंद असायची आणि त्या दिवशी आख्खं गाव गप्प व्हायचं. वीजबंदीच्या सकाळी लहान मुलं दचकून उठायची, कारण रोज ज्या खटखटाटात ती झोपलेली असत, तोच नसायचा. पत्र्यावर चिमण्यांची नखं वाजलेली ऐकू यायची, शेजारच्या कारखान्यातला खोकला ऐकू यायचा. त्या दिवशी मी कॉलेजला दांडी मारून पहिल्या एसटीनं घरी यायचो, आणि दोन मागांच्या मधल्या बोळात पोतं पसरून आम्ही तिघं बसायचो. मी, माझी चुलत बहीण विद्या आणि दस्तगीर. सुताच्या धुळीचा, तेलाचा आणि खळीचा आंबूस वास पोत्यातून येत राहायचा.

विद्या बारावीला होती आणि आमच्याकडंच राहायची. हुशार, चिकट, कशाचाही पिच्छा न सोडणारी. तिनं गोष्टीतली वैदूबाई घेतली. दस्तगीर माझ्याहून वर्षानं मोठा. दहावीपर्यंत आम्ही एका बाकावर बसलो. त्याचे वडील आमच्याच मागांवर होते, त्यांचा दमा वाढला तेव्हा दहावीनंतर त्यांच्या जागी तो उभा राहिला, आणि मी कोल्हापूरला गेलो. त्याला फौजेत जायचं होतं. पाळी सुटली की नदीकडच्या रस्त्यानं धावायचा, मागाच्या जड वजनांनी दंड कमवायचा. साहजिकच गोष्टीतही तो शिपाईच झाला. नाव ठेवलं हवालदार. बसू, ह्या फौजेत पेन्शन हाय का, हा त्याचा मला पहिला प्रश्न होता. मी पुस्तक चाळून नाही म्हणून सांगितलं, तर त्यानं तोंड वाकडं केलं.

पहिल्या दोन-तीन सुट्ट्यांत हवालदार भलताच तल्लख निघाला. मी वाक्य पुरं करायच्या आत दस्तगीर ओळखायचा. माझ्या तोंडाकडं टक लावून बसायचा आणि मी ‘दारामागं...’ एवढं म्हणेपर्यंत ह्याची तलवार उपसलेली. विद्याला राग यायचा. मला मात्र बरं वाटायचं, आपली गोष्ट कुणी इतकं मन लावून ऐकतंय म्हणून.

मग मी पुस्तकाचं आणखी एक पान वाचलं. त्यात लिहिलं होतं, की गोष्ट सांगणाऱ्यानं आपल्या समोर आडोसा ठेवावा, म्हणजे राक्षसाचे फासे खेळणाऱ्यांना दिसणार नाहीत. मी सुताच्या कोनांचं खोकं फाडून तीन घड्यांचा पुठ्ठा उभा केला आणि त्याच्या मागं बसलो. स्वतःला फार मोठा समजलो त्या दिवशी. पण पुठ्ठा आला आणि दस्तगीरचं लक्ष उडालं. मी नदी म्हटलं तर हा दरवाजा फोडायला निघे. मी म्हातारा भेटला म्हटलं तर हा त्याच्यावर वार करी. आम्ही दोघं पोट धरून हसायचो. आणि तो सारखा एका बाजूला कलायचा, पुठ्ठ्याच्या कडेनं माझ्याकडं बघायचा. तो माझ्या कांड्यांवर डोळा ठेवतोय असं मला वाटलं. मी पुठ्ठ्याला आणखी एक पट्टी चिकटवून तो उंच केला.

आणि मग हार्पी आली. तिच्याबद्दल मी हॉस्टेलवर आठवडाभर वाचत होतो. डिक्शनरी घेऊन, पेन्सिलीनं मराठी अर्थ लिहून. लढायला ती तशी काही फार मोठी नव्हे. जीव बेताचा, दोन वार बरे बसले की खलास. चिलखत नाही, पिसं हेच काय ते. पायाच्या नख्यांचे दोन ओरबाडे आणि हातात हाडाचा एक सोटा. उडते झकास, पण दमते लवकर. आमच्या गोष्टीतल्या साध्या रेड्यानंसुद्धा तिला लोळवलं असतं. पण तिच्याकडं गाणं आहे. ती उंच कड्यावर बसून गाते, आणि ज्यांना ज्यांना ते गाणं ऐकू येईल त्या प्रत्येकानं फासा टाकावा. त्या फाशाला विद्यानं ‘निग्रह’ असं नाव दिलं होतं. निग्रहात हरला तर तो माणूस हातातलं हत्यार विसरतो आणि आपल्या पायांनी तिच्याकडं चालत जातो. वाटेत दरी असली तरी चालतो. मग ती सावकाश नख्या काढते.

मला ही फार विलक्षण गोष्ट वाटली होती, अजून वाटते. बाकीच्या राक्षसांची ताकद त्यांच्या अंगात असते. कुणाची शेपटीत, कुणाची दाढेत. हिची निम्मी ताकद समोरच्याच्या कानात. ऐकणाराच नसेल तर उरतं एक मरतुकडं पाखरू. पुस्तकात तसं लिहिलंही होतं, की ऐकू न येणाऱ्यावर या गाण्याचा काही परिणाम होत नाही. ते वाक्य मी वाचलं आणि पुढं गेलो.

माझी चूक मात्र दुसऱ्याच वाक्यात झाली. ‘ज्यांना ऐकू येईल त्यांनी’ याचा मी अर्थ लावला, की मी पुठ्ठ्यामागं खरोखर गाणं म्हणायचं, आणि ज्याला ते खरोखर ऐकू येईल त्यानं कांडी ओढायची. नियम गोष्टीतल्या माणसांसाठी होता. मी तो पोत्यावर बसलेल्यांना लावला. इंग्रजी कच्चं, वर झेरॉक्सची झेरॉक्स. मला गाता येत नाही, म्हणून आमची हार्पी दातांच्या फटीतून शीळ घालायची. बारीक, हलकी, चिमणीनं ऐकावी अशी.

पहिल्यांदा शीळ घातली तेव्हा विद्यानं लगेच मान वर केली, डब्यात हात घातला आणि तीनची कांडी काढली. तिची वैदूबाई चालू लागली. दस्तगीर शेंगा सोलत बसला होता. मी दोनदा, तीनदा शीळ घातली. हा शेंगा सोलतोय. शेवटी मीच विचारलं, काय करतोस? तर म्हणाला, ही बया कुठं निघाली? आम्हाला वाटलं, काय डोकं लढवलंय गड्यानं. ऐकूच आलं नाही असं दाखवलं की कांडी ओढायला नको. हवालदारानं धावत जाऊन दोन वारांत हार्पी कापली आणि दस्तगीर तिची पिसं विकायला काढायला लागला.

माग चालू असलेल्या कारखान्यात कुणी ओरडत नाही, हे बाहेरच्या माणसाला खरं वाटत नाही. ओरडून उपयोगच नसतो. सोळा माग एकदम चालतात तेव्हा स्वतःच्या तोंडातला शब्द स्वतःला ऐकू येत नाही. तिथं सगळं बोलणं हातांनी आणि ओठांनी. अंगठा खांद्यावरून मागं केला म्हणजे मालक आले. दोन बोटांची कात्री म्हणजे धागा तुटला. बाकी सगळं नुसते ओठ हलवून, बिनआवाजाचं. दस्तगीर सोळाव्या मागापलीकडून माझ्या ओठांवरची शिवी ओळखायचा आणि तिथूनच परत फेकायचा. आम्ही याला हुन्नर समजत होतो. गावात कुणाला कमी ऐकू येतं आणि कुणाला नीट, हे कळायची सोयच नव्हती, कारण सगळेच तोंडाकडं बघून बोलत आणि सगळेच मोठ्यानं बोलत. अप्पा तर घरात जेवतानाही मीठ मागायचे ते पार कोपऱ्यावर ऐकू जायचं.

पुढच्या सुट्टीला मी ईर्ष्येनं तीन हार्पी आणल्या. मधल्या दिवसांत दस्तगीरनं कोल्हापुरातली धावण्याची फेरी मारली होती. पळण्यात तिसरा आला होता, उडी, बीमला लोंबकळून काढायचे जोर सगळं पार केलं होतं. आता फक्त मेडिकल राहिली होती, बारा दिवसांवर. त्याच्या आईनं कारखान्यात पेढे वाटले होते आणि अप्पांनी त्याच्या पाठीवर अशी थाप मारली होती की तो पुढं गेला. त्यामुळं त्या दिवशी तो नुसता फुलला होता, आणि मला त्याची ती रग थोडी खुपतही होती, खोटं कशाला सांगू. मी शीळ घातली. विद्यानं कांडी ओढली. दस्तगीर पुठ्ठ्याच्या कडेनं वाकून बघत होता. मी परत शीळ घातली, मग परत घातली, आणि चौथ्यांदा पुठ्ठा खाली आपटला. म्हटलं, हा रडीचा डाव आहे, तुला सगळं ऐकू येतं आणि तू कांडी चोरतोस.

“आईशप्पत न्हाय ऐकलं,” दस्तगीर म्हणाला. “शिट्टी वाजवलीस व्हय? कवा?”

मी आणखी चिडलो. तेवढ्यात विद्या उठली. त्याच्या मागं जाऊन दोन हातांच्या अंतरावर उभी राहिली आणि रोजच्या तिच्या हळू आवाजात म्हणाली, “दस्तगीर, तुझ्या कॉलरवर पाल आहे.”

कारखाना गप्प होता. पत्र्यावर चिमण्या चालत होत्या. दस्तगीर माझ्याकडं बघत होता, माझ्या उत्तराची वाट बघत. विद्यानं तेच वाक्य आणखी एकदा म्हटलं. मग माझा चेहरा बघून तो मागं वळला, आणि विद्या तिथं उभी आहे हे त्याला तेव्हा कळलं.

पुढची पाच-दहा मिनिटं मला आज तुकड्यातुकड्यानं आठवतात. कानात मळ झाला असंल, असं तो म्हणाला. विद्यानं त्याला पाठमोरा बसवून एक-दोन-तीन म्हणत मागं मागं जाऊन पाहिलं. मोठ्यानं बोललं की त्याला कळायचं. जाड आवाज कळायचा. बारीक आवाज, कुजबूज, शीळ, ‘स’ आणि ‘श’, यातलं काही पोचत नव्हतं. तिनं मला मेडिकलमध्ये काय काय तपासतात ते विचारलं. आम्हाला सगळं पाठ होतं. तळपाय सपाट नकोत, गुडघ्याला गुडघा घासायला नको, छाती पाच सेंटिमीटर फुगली पाहिजे, डोळे, दात. आणि कान. डॉक्टर पाठीमागं उभा राहतो आणि कुजबुजतो. ते वाक्य दस्तगीरनंच पूर्ण केलं. कानाची भीती त्याला आजवर कधी वाटली नव्हती. भीती होती ती सपाट तळव्यांची.

त्याच्यापुढं फौज होती आणि बारा दिवस होते. त्या बारा दिवसांत त्यानं स्टँडवरच्या कानसफाईवाल्याकडून दोन्ही कान कोरून घेतले. आईनं लसूण कढवलेलं तेल सोडलं. आणि बाराच्या बारा दिवस तो पाळीवर उभा राहिला, सोळा मागांच्या मधोमध. मी अप्पांना एवढंच म्हणायचं होतं, की ह्याला बारा दिवस सुट्टी द्या, कानाला विसावा पाहिजे. उपयोग झाला असता की नाही, देव जाणे. पण म्हणायचं होतं. मी म्हटलं नाही, कारण ते म्हटलं की पुढचं म्हणावं लागलं असतं, की हे कुठून झालं. दहावीपर्यंत त्याचे कान आणि माझे कान सारखे होते. मग अप्पांनी मला कोल्हापूरला ठेवलं आणि त्याला मागावर. माझे कान शाबूत राहिले ते त्यामुळं. हे कुणी मला सांगायला नको होतं, मला त्याच दिवशी, तो पाठमोरा बसलेला असतानाच कळलं होतं. मधल्या वीजबंदीला मी घरी गेलो नाही. सबमिशन आहे म्हणून निरोप पाठवला. सबमिशन नव्हतं.

मेडिकलच्या दिवशी दुपारी तो माझ्या हॉस्टेलवर आला. कपडे इस्त्रीचे, केस बारीक. आम्ही चहा प्यायला गेलो. तो खाली बघून खारी बुडवत होता आणि खारी तुटून कपात पडत होती. मी विचारलं नाही. शेवटी त्यानंच सांगितलं.

“वळायचं नसतंय, ठावं हुतं मला. मान आपसूक वळली. डाक्टर म्हटला, फुडं बघ. बघितलं. परत वळली. तिसऱ्यांदा त्येनं लिवलं, अनफिट.”

मला तेव्हा दरीकडं चालत जाणारी वैदूबाई आठवली, आणि आठवल्याची लाजही वाटली. तो चहाचे पैसे द्यायला लागला. मी देऊ दिले नाहीत, एवढंच मला करता आलं.

त्यानंतरच्या वीजबंदीला मी घरी गेलो. पोतं पसरत होतो तेवढ्यात अप्पा आत आले आणि दस्तगीरला विचारलं, काय झालं रं भरतीचं? दस्तगीर उभा राहिला. त्यानं एकदा माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाला, “छाती भरली न्हाय, मालक.” अप्पा खो खो हसले. एवढा मोठा गडी आणि छाती भरली नाही. त्यांनी आतल्या दाराशी उभं राहून अव्वाला, म्हणजे माझ्या आईला, ओरडून सांगितलं, की उद्यापासून ह्याच्या घरी रोज अर्धा लिटर दूध जाऊ दे, आपल्या म्हशीचं. पुढच्या भरतीला छाती भरलीच पाहिजे. अप्पा मनानं मोठे होते. त्यांनी खरंच दूध पाठवलं, आणि रोज त्याला विचारायचे, प्यालास का? तो व्हय म्हणायचा. मी तिथंच होतो, पोत्याचा एक कोपरा हातात धरून. विद्यानं माझ्याकडं बघितलं आणि मी पोतं झटकायला लागलो.

त्या दिवशी मी पुठ्ठा उभा केला नाही. माझ्या कांड्या सगळ्यांसमोर ओढल्या. हवालदारानं एका बुरुजावर चढून कसलासा झेंडा लावला. खेळ चांगला झाला, किंवा आम्ही तिघांनी तो चांगला होऊ दिला. त्याच्या पुढच्या सुट्टीलाही असाच खेळलो. मग माझी परीक्षा आली. विद्याचीही बारावी. नंतर तिचं लग्न मलकापूरला झालं, मला कोल्हापुरातच नोकरी लागली. डालड्याचा डबा अव्वानं तांदळाला घेतला.

तीन वर्षांपूर्वी अप्पा गेले. माग विकले. दस्तगीर दुसऱ्याच्या कारखान्यात मागांची दुरुस्ती करतो. हुशार कारागीर म्हणून गावात नाव आहे, आणि माग कुठं बिघडलाय ते तो हात लावून सांगतो. भरतीला तो परत कधी उतरला नाही. ईदेला मी जातो, दिवाळीला तो येतो. दोघंही मोठ्यानं बोलतो, हसतो. त्या हंगामाबद्दल बोललो नव्हतो.

गेल्या महिन्यात माळ्यावरचे कागद काढताना ती झेरॉक्स सापडली. आता इंग्रजी बरं आहे. हार्पीचं पान वाचलं आणि माझी चूक कळली. नियमानं पाहिलं तर हवालदारानं कांडी ओढायलाच हवी होती, त्याचे कान ठणठणीत होते. मी नीट वाचलं असतं तर शीळ घातली नसती, भांडण झालं नसतं, विद्या उठली नसती. मग दस्तगीर आनंदात मेडिकलला गेला असता आणि डॉक्टरकडंच त्याला कळलं असतं. ते जास्त वाईट झालं असतं की कमी, यावर मी बराच विचार केला. एक मात्र खरं, की माझ्या चुकीमुळं मला बारा दिवस आधी कळलं होतं. आणि ते बारा दिवस मी हॉस्टेलवर बसून काढले.

सकाळच्या त्या धावणाऱ्या पोरांनी शेवटी चैन पडू दिलं नाही. गेल्या वीजबंदीला मी इचलकरंजीला गेलो. दस्तगीर दारात मुलीची सायकल उलटी करून चेन बसवत होता, गल्लीकडं पाठ करून. मी त्याच्या चार पावलं मागं थांबलो आणि म्हणालो, “दस्तगीर, छातीचं खोटं होतं हे मी अप्पांना सांगायला पाहिजे होतं. चुकलो मी.” साध्या आवाजात म्हणालो. तो पॅडल फिरवत राहिला. मला क्षणभर हलकं वाटलं. मग लक्षात आलं मी काय केलं ते. जिथं ते त्याच्यापर्यंत पोचणार नाही, नेमकी तीच जागा बघून मी बोललो होतो.

मी वळसा घालून त्याच्या पुढ्यात गेलो आणि उकिडवा बसलो. मला बघून तो खूश झाला, कवा आलास म्हणाला. मी तेच वाक्य पुन्हा म्हटलं. गल्लीत माणसं होती, म्हणून आवाज न काढता, कारखान्यात बोलायचो तसं, नुसत्या ओठांनी. त्यानं शेवटपर्यंत वाचलं. हाताचं ग्रीस फडक्याला पुसलं, एकेक बोट करून पुसलं.

“दोन सुट्ट्या वाट बघितली मी,” तो म्हणाला. आपला आवाज किती मोठा आहे ते त्याला कळत नाही, समोरची बाई दारात आली. “मालकांस्नी मी कसं सांगणार? म्हटलं, बसू सांगंल. मालक दुधाचं इचारायचे तवा मी तुज्या तोंडाकडंच बघत हुतो. तुजं तोंड हललंच न्हाय.”